रोज आठ मीटर वाढणारा जिल्हा

वाशिम जिल्ह्यातले मुलगे दरवर्षी तीन किलोमीटर उंच होतात. हा आकडा कुठल्या अहवालात छापलेला नाही. तो ढोबळ आहे, पण पाटीवर कोणीही मांडून बघावा असा आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. देशात त्या वेळी १० ते १९ वयाचे सुमारे २५ कोटी ३० लाख जण होते, म्हणजे शंभरात एकवीस. तेच प्रमाण वाशिमला लावलं तर किशोरवयीन अडीच लाख भरतात. त्यात मुलगे १ लाख ३० हजारांच्या आसपास, एकेका वयाचे तेरा हजार. बारा ते पंधरा या चार वयांचे मुलगे एकत्र मोजले की आकडा पन्नास हजारांच्या पुढे जातो. या वयात मुलगा वर्षाला सरासरी सहा सेंटिमीटर उंची काढतो. पन्नास हजार गुणिले सहा सेंटिमीटर म्हणजे तीन किलोमीटर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा आणि वाशिम या सहा तालुक्यांतली पोरं मिळून वर्षाकाठी जवळजवळ दोन कळसूबाई उभी करतात. रोजचे आठ मीटर.

आता वजन बघा. वर्षाला माणशी फक्त चार किलो धरले तरी दोन लाख किलो होतात. बाजार समितीच्या भाषेत दोन हजार क्विंटल. एवढा माल यार्डात आला तर गाड्यांची रांग लागते, काटा होतो, पावत्या फाटतात. पोरांच्या अंगावर दरसाल चढणाऱ्या या दोन हजार क्विंटलांची नोंद मात्र कुठेच होत नाही.

मुलगी वयात आली की घरात निदान कुजबुज तरी होते. मुलगा वयात येतो तेव्हा त्याला मिसरूड फुटतं, आवाज घोगरा होतो, दोन दिवस चिडवाचिडवी होते आणि विषय संपतो. 'पोरगंच तर आहे, वाढेल आपोआप.' वाढतं हे खरं, पण आपोआप नाही. त्याच्या शरीरात त्या चार-पाच वर्षांत आयुष्यातलं सर्वांत मोठं बांधकाम चाललेलं असतं. त्याला पोटभर नेमकं अन्न लागतं आणि खरी माहिती लागते. या दोन्हींत आपण हात आखडता घेतो. किती मोठं काम चाललं आहे हे एकदा आकड्यांत दिसलं, तर हात सैल होईल.

तासाला अकरा मायक्रोमीटर

जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटिमीटर वाढतं. पुढे वेग उतरत जातो आणि प्राथमिक शाळेच्या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरवर येऊन ठेपतो. मग तेराव्या-चौदाव्या वर्षी तो उसळी घेतो आणि नऊ-दहा सेंटिमीटरवर जातो. दहा धरले तर दिवसाला पाव मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त आणि तासाला अकरा मायक्रोमीटर.

ही उसळी सर्वांत आधी कागदावर आली फ्रान्समध्ये. गेनो द मोंबेयार या उमरावानं १७५९ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची दर सहा महिन्यांनी मोजली, ती थेट १७७७ पर्यंत. एका बापानं अठरा वर्षं धीरानं टिपलेले ते आकडे आजही वाढीच्या शास्त्राच्या पुस्तकांत पहिल्या पानांवर असतात. १९७० मध्ये इंग्लंडच्या मार्शल आणि टॅनर या दोघांनी २२८ मुलग्यांची वाढ वर्षानुवर्षं नोंदवून तिचे टप्पे बांधले. जगभरचे बालरोगतज्ज्ञ आजही तेच टप्पे वापरतात.

मुलींची उसळी मुलग्यांच्या दोन वर्षं आधी येते, बाराव्या वर्षाच्या सुमाराला. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच आणि मुलगे बुटके दिसतात. मुलग्याला बालपणीच्या चालीनं वाढायला दोन वर्षं जास्त मिळतात, वर त्याची उसळीही मोठी असते. २०१९ च्या अंदाजानुसार भारतात १९ वर्षांच्या मुलग्याची सरासरी उंची १६६.५ सेंटिमीटर आणि मुलीची १५५.२ आहे. मधले अकरा सेंटिमीटर बहुतांशी या दोन कारणांचे.

वाढ सगळीकडे एकदम होत नाही. आधी पावलं आणि हात वाढतात, मग पाय, सर्वांत शेवटी धड. म्हणून सदऱ्याआधी बूट आवळतो. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा घेतलेली पँट दिवाळीला घोट्याच्या वर चढलेली असते. मग आई खालची दुमड उसवते आणि आतून कापडाची न विटलेली, गडद पट्टी बाहेर येते. बाकी पँट धुऊन धुऊन फिकी पडलेली, आणि खाली दोन बोटं कोरा रंग. चार महिन्यांची उंची त्या पट्टीवर मोजता येते.

हाडं वाढतात ती टोकांजवळच्या कूर्चेच्या पातळ चकत्यांत. एकेका चकतीची जाडी जेमतेम काही मिलिमीटर, आणि पायाच्या लांबीचा सर्वांत मोठा वाटा गुडघ्याच्या वर-खालच्या दोन चकत्या उचलतात. त्या बंद करण्याचा आदेश मुलग्यांतही इस्ट्रोजेन हे 'बायकांचं' समजलं जाणारं संप्रेरकच देतं. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनची हाक ऐकूच येत नव्हती. त्याची उंची २०४ सेंटिमीटर झाली होती आणि हाडं पंधरा वर्षांच्या पोराची होती. तो अजूनही वाढतच होता.

महाराष्ट्रात दोन माणसं

हे सगळं सुरू कोण करतं? माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. वयात येण्याची कळ दाबणाऱ्या पेशी त्यात फक्त हजार-दोन हजार. मधला आकडा दीड हजार धरला तर पावणेसहा कोटींत एक. अकरा कोटींच्या महाराष्ट्रात दोन माणसं असावीत आणि त्यांनी राज्यभराचं वेळापत्रक ठरवावं, इतकं हे प्रमाण विरळ आहे. शिवाय या पेशी मूळच्या मेंदूतल्या नाहीत. गर्भात त्या नाकाच्या भागात जन्मतात आणि तिथून चालत मेंदूत येतात. काही मुलांत ही वाट मध्येच तुटते. अशा मुलाला वासही येत नाही आणि तो वयातही येत नाही. या विकाराला कॅलमन सिंड्रोम म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत.

या पेशी सतत बोलत नाहीत. साधारण तास-दीड तासाला एक ठोका देतात, दिवसाला सोळा ते चोवीस. आधी हे ठोके फक्त रात्री झोपेत पडतात, नंतर दिवसाही. गंमत अशी, की ही यंत्रणा बारा वर्षांच्या पोरात नव्यानं बसवलेली नसते. दोन-तीन महिन्यांच्या तान्ह्या मुलग्यातही ती काही काळ जोरात चालते, मग तिला ब्रेक लागतो आणि जवळजवळ दहा वर्षं ती गप्प राहते. ब्रेक सुटायला लागणारा एक महत्त्वाचा जनुक २००३ मध्ये पॅरिस आणि बोस्टनच्या संशोधकांना स्वतंत्रपणे सापडला.

ब्रेक सुटला की पहिला बदल मिशीत दिसत नाही. तो वृषणांत होतो. त्यांचा आकार चार मिलिलिटरला पोचला की मुलगा वयात यायला लागला असं डॉक्टर मानतात. पूर्ण वाढलेला आकार पंधरा ते पंचवीस. हे मोजायला झुरिकच्या आंद्रेया प्राडर यांनी १९६६ मध्ये एक साधन प्रसिद्ध केलं. एका दोरीत ओवलेले बारा लंबगोल मणी, एक मिलिलिटरपासून पंचवीसपर्यंत, प्रत्येकावर आकडा. डॉक्टर एका हातानं तपासतात आणि दुसऱ्या हातात मणी चाचपत जुळणारा शोधतात. साठ वर्षं होत आली, तरी याहून सोपं साधन दवाखान्यात आलेलं नाही.

मग टेस्टोस्टेरॉन वाढतं, तिसापट ते पन्नासपट. तरी ते असतं किती? वाढ पुरी होत आलेल्या मुलाच्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून, कोणत्याही एका क्षणी, बारा ते वीस मायक्रोग्रॅम. मिठाच्या डबीतला एक बारीक कण साठेक मायक्रोग्रॅमचा असतो. म्हणजे मिठाच्या एका कणाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा ऐवज रक्तात फिरतो आणि पोराचे खांदे रुंदावतात, दंडाला पीळ चढतो, कंठ फुटतो. स्वरतंतू साधारण दहा मिलिमीटरनं लांबतात. लहानपणी बोलताना सेकंदाला अडीचशेच्या आसपास कंपनं होत असतात, ती सव्वाशेच्या खाली येतात. आवाज एक सप्तक उतरतो. मधले काही महिने तंतू लांबलेले असतात आणि मेंदूला जुन्या लांबीची सवय असते, म्हणून वर्गात उत्तर देताना मध्येच चिरकतो.

याच उलथापालथीत निम्म्याहून अधिक मुलग्यांच्या छातीत, स्तनाग्राखाली, दुखरी गाठ येते. पोरं हे कोणाला सांगत नाहीत. पोहायला जायचं सोडतात, सदरा काढत नाहीत, आपण मुलगी होतोय की काय या भीतीनं रात्र काढतात. ही गाठ बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपसूक विरते. एवढं एक वाक्य सातवीच्या वर्गात कोणी बोललं, तर वाशिमच्या एकेका वयाच्या तेरा हजारांतल्या किमान साडेसहा हजार पोरांच्या मनावरचं ओझं उतरेल.

दहा लाख कोटी पेशी आणि १३१ ग्रॅम कॅल्शियम

वयात येण्याआधी ३५ किलोच्या मुलाच्या अंगात अडीच लिटरच्या आसपास रक्त असतं. साठ किलोचा झाला की चार लिटरांहून अधिक. शिवाय रक्त घट्ट होतं, हिमोग्लोबिन साडेबारावरून साडेचौदाच्या पुढे जातं. तांबड्या पेशींची संख्या ११ लाख कोटींवरून २१ लाख कोटींवर पोचते. चार-पाच वर्षांत दहा लाख कोटी पेशींची भर. प्रत्येक ग्रॅम हिमोग्लोबिनला ३.४ मिलिग्रॅम लोह लागतं. या वाढीव रक्तात तीनशे ग्रॅम हिमोग्लोबिन जास्तीचं असतं, म्हणजे एक ग्रॅम लोह नव्यानं मिळवावं लागतं. एक ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं. पण भाकरी-भाजीतून खाल्लेल्या लोहाचा बराचसा भाग शरीर शोषून घेतच नाही, म्हणून त्या एका ग्रॅमसाठी पोराला ताटातून त्याच्या कितीतरी पट लोह खावं लागतं.

तो सगळ्यांना मिळत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलग्यांपैकी ३१ टक्के रक्तक्षय असलेले निघाले. मुलींची स्थिती याहून कितीतरी वाईट आहे, पण दहांत तीन मुलगे हाही दुर्लक्ष करण्याजोगा आकडा नाही. शाळांमधून दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलग्यांसाठीही आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. बावन्न आठवड्यांचे ३,१२० मिलिग्रॅम होतात. दहावा हिस्सा अंगी लागला तरी तीनशे. एका मुलाच्या वर्षभराच्या वाढीव रक्ताची गरज एवढ्यात भागते. 'ती पोरींची गोळी' म्हणून ती खिशातून कचऱ्यात जाते, तेव्हा हेच तीनशे मिलिग्रॅम कचऱ्यात जातात.

हाडांचा हिशेब कॅनडातल्या सास्काचेवान विद्यापीठानं वर्षानुवर्षं त्याच मुलांना तपासून मांडला. तिथल्या मुलग्यांच्या सांगाड्यात ऐन भराच्या काळात, चौदाव्या वर्षी, रोज सरासरी ३५९ मिलिग्रॅम कॅल्शियम जमा होत होतं. वर्षाचे १३१ ग्रॅम. प्रौढ पुरुषाच्या सगळ्या सांगाड्यात कॅल्शियम असतं किलो-सव्वा किलो. म्हणजे एकट्या त्या वर्षात आयुष्यभराच्या ठेवीचा आठवा-नववा हिस्सा भरला जातो, आणि भराच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन वर्षांत मिळून पाव हिस्सा. पंचाहत्तराव्या वर्षी आजोबा घसरून पडतात तेव्हा त्यांच्या खुब्याचं हाड टिकेल की मोडेल, याचा काही निर्णय त्यांच्या चौदाव्या वर्षीच झालेला असतो.

सेकंदाला हजार

आता ज्या विषयावर घरात कोणीच बोलत नाही, तो. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमाराला शुक्रजंतू तयार होऊ लागतात. वृषणांतल्या बारीक नळ्या सरळ करून जोडल्या तर लांबी काहीशे मीटर भरते. एक शुक्रजंतू घडायला दोन महिन्यांहून थोडा अधिक काळ लागतो. पण कारखाना अखंड चालतो, आणि पूर्ण वाढ झाल्यावर रोजचं उत्पादन दहा कोटींच्या घरात जातं. माणसागणिक ते निम्मं किंवा दुप्पटही असू शकतं. दहा कोटी म्हणजे सेकंदाला साडेअकराशे. २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, म्हणजे एका मुलाचं एका दिवसाचं उत्पादन जवळजवळ राज्यातल्या माणसांएवढं. एकेक शुक्रजंतू मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा. एका दिवसाचे एकापुढे एक मांडले तर पाच किलोमीटर होतात. सोळा दिवसांत वाशिमहून अकोला.

एवढं प्रचंड उत्पादन रोज होणार आणि त्यातलं काही झोपेत बाहेर पडणार, हे साहजिकच आहे. पण पोराला ते कोणी सांगत नाही. त्याला माहिती मिळते बस स्टँडच्या मागच्या भिंतीवर. तिथं मोठ्या अक्षरांत 'कमजोरी' आणि 'खात्रीशीर इलाज' रंगवलेलं असतं. चाळीस थेंब रक्ताचं एक थेंब वीर्य होतं, हे ऐकून तो हबकतो. या भीतीतून येणाऱ्या थकव्याला आणि खिन्नतेला मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. आजार वीर्याचा नसतो, भीतीचा असतो.

भीतीला उत्तर हिशेबानं देता येतं. एका वेळी जाणाऱ्या वीर्याचं प्रमाण साधारण तीन मिलिलिटर, बहुतेक पाणीच. त्यात प्रथिनं पंधरा शतांश ग्रॅम. एक ग्रॅम तूरडाळीत यापेक्षा जास्त असतात. आणि रक्ताचं म्हणाल, तर शरीर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी नव्यानं बनवतं. ही दोन वाक्यं वाचून होईपर्यंत दोनेक कोटी झाल्या. इतकं बनवणाऱ्या देहाची शक्ती तीन मिलिलिटरांनी जात नाही. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, खटले सोसले, दंड भरले, ते असल्या भीतीतून मराठी माणूस सुटावा म्हणून. शंभर वर्षं होत आली तरी ती भिंत अजून रंगवली जाते, हे आपल्या सगळ्यांचं अपयश आहे. सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठी 'मैत्री' क्लिनिकं आहेत. तिथं मुलग्यांनाही विचारता येतं आणि पैसे पडत नाहीत.

तीस सेंटिमीटरचं 'नॉर्मल'

मुलगा नवव्या वर्षी वयात येऊ लागला तरी नॉर्मल, चौदाव्या वर्षी लागला तरी नॉर्मल. पाच वर्षांची ही पट्टी आहे आणि तिच्या आत सगळं ठीक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तेरा वर्षांच्या मुलग्याची नेहमीची उंची १४१ पासून १७१ सेंटिमीटरपर्यंत पसरलेली आहे. एकाच बाकावर बसणाऱ्या, एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांत तीस सेंटिमीटरचा फरक असू शकतो, आणि दोघांपैकी कोणालाही काही झालेलं नसतं. एकाचं घड्याळ पुढे असतं, दुसऱ्याचं मागे. मागचा पुढे दहावी-बारावीत भरभर वाढतो, कधी कधी पुढच्याला गाठतोही. तोवर त्याला 'बुटक्या' म्हणून जे ऐकावं लागतं, ते मात्र त्याच्या मनात उरतं.

डॉक्टरकडे कधी न्यायचं तेही आकड्यांतच सांगता येतं. नऊ वर्षांच्या आत बदल दिसले, चौदा संपले तरी काहीच दिसलं नाही, किंवा वर्षभरात चार सेंटिमीटरही वाढला नाही, तर. दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलची रेघ मारायला काही खर्च येत नाही.

१६५

वाशिम-रिसोड रस्त्यावर किंवा मंगरूळपीरच्या बाहेर पहाटे साडेपाचला गेलात तर पोरं धावताना दिसतात. पायात स्वस्तातले बूट, कुणाच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. ही भरतीची पोरं. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीचे पन्नास गुण असतात. १,६०० मीटर धावण्याचे वीस, शंभर मीटरचे पंधरा आणि ७.२६ किलोचा गोळा फेकण्याचे पंधरा. पण त्याआधी पोर अनवाणी पट्टीला टेकून उभं राहतं आणि वरून आडवी फळी डोक्यावर येते. पुरुषाला १६५ सेंटिमीटर उंची हवी. छाती न फुगवता ७९ आणि फुगवून किमान पाच जास्त.

देशातल्या १९ वर्षांच्या मुलग्यांची सरासरी १६६.५ आहे. उंचीचा फैलाव साधारण साडेसहा सेंटिमीटरचा धरून हिशेब केला तर दहांतले चार मुलगे १६५ च्या खालीच राहतात. त्याच २०१९ च्या अंदाजात नेदरलँड्सचा मुलगा सरासरी १८३.८ सेंटिमीटरचा. आपल्यापेक्षा सतरा सेंटिमीटर उंच.

अठराव्या वर्षी फळी डोक्यावर येते तेव्हा बहुतेकांच्या चकत्या बंद झालेल्या असतात. मग लटकून, पावडरी खाऊन, 'हाइट' वाढवणाऱ्या गोळ्या घेऊन काही होत नाही. उंचीचा बराच भाग आई-बापाकडून येतो. अंदाज काढायचा तर दोघांच्या उंचीत तेरा मिळवून निम्मं करायचं. बाप १६३ आणि आई १५० असेल तर मुलगा १६३ च्या आसपास, आठ-दहा सेंटिमीटर इकडे-तिकडे. त्या आठ-दहांतला काही हिस्सा अन्नाच्या आणि आजारांच्या हातात असतो. तो मिळवायचा तर पहिल्या दोन वर्षांत आणि मग बारा ते पंधराच्या दरम्यान. भरतीची तयारी बारावीनंतर सुरू होते, पण उंचीची परीक्षा आठवी-नववीतच होऊन जाते. तेव्हा ती परीक्षा आहे हे कोणाला ठाऊकच नसतं.

आठवीनंतरचं ताट

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वयाच्या मुलाला रोज २,८६० कॅलरी लागतात, १६ ते १८ ला ३,३२०. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला लागतात २,११०. दुकानात बसणाऱ्या बापापेक्षा नववीतल्या पोराला साडेसातशे कॅलरी जास्त हव्यात, शिवाय ४५ ग्रॅम प्रथिनं, हजार मिलिग्रॅम कॅल्शियम, २२ मिलिग्रॅम लोह. 'याचं पोट आहे की कणगी' असं आपण हसून म्हणतो. ते पोट खरंच बरोबर मागत असतं. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत देशातल्या किशोरवयीनांपैकी चारांत एक जण कृश निघाला. त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा अधिक होतं.

शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं देण्याचा नियम आहे. ही योजना आठवीला थांबते. मुलींची वाढीची उसळी बाराव्या वर्षी येते, म्हणजे ताट चालू असताना. मुलग्यांची येते साडेतेरा-चौदाला. आठवी संपते, ताट बंद होतं, आणि हाडांत रोज ३५९ मिलिग्रॅम कॅल्शियम घालायचं वर्ष नेमकं तेव्हाच उजाडतं. कोणी ठरवून असं केलेलं नाही. पण पोरांच्या शरीराचं कॅलेंडर बघून ही रेघ आखलेली नाही, हे स्पष्ट दिसतं.

आणि हे वाशिममध्ये व्हावं याचं वाईट वाटतं. हा सोयाबीनचा जिल्हा. सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला ३६ ते ३८ ग्रॅम प्रथिनं असतात. एका क्विंटलमध्ये ३७ किलो. नववीतल्या पोराची ४५ ग्रॅमची रोजची गरज धरली तर आठशेहून जास्त दिवसांची प्रथिनं. दोन वर्षांहून अधिक काळ पुरतील इतकी. ते पोतं बापाच्या गाडीवरून यार्डात जातं, काटा होतो, तेल निघतं, पेंड परराज्यात नाही तर परदेशात जाते. त्यातला दहावा हिस्सा घरी ठेवला, भाजून, नीट शिजवून किंवा दहा किलो गव्हात किलोभर दळून घातला, सोबत तुरीचं वरण, ज्वारीची भाकरी, तिळाची चटणी आणि जमेल तेवढं दूध-दही असलं, तर वेगळ्या पावडरीच्या डब्याची गरज उरत नाही.

सरकारी हिशेबही मांडून बघू. जिल्ह्यात नववी-दहावीच्या वयाची मुलं-मुली मिळून पन्नास हजार धरू. प्रत्येकाला शाळेच्या दोनशे दिवसांत रोज वीस ग्रॅम प्रथिनं द्यायची तर दिवसाला एक हजार किलो, वर्षाला दोन हजार क्विंटल प्रथिनं लागतील. सगळी सोयाबीनमधून घेतली तर ५,४०० क्विंटल सोयाबीन. एकरी चार क्विंटलचा बेताचा उतारा धरला तर साडेतेराशे एकर. जिल्ह्यात सोयाबीन तीन लाख हेक्टरांच्या घरात पेरलं जातं, म्हणजे सात लाख एकरांहून अधिक. हजार एकरांमागे दोन एकरसुद्धा नाहीत. शिजवणारे हात, चूल आणि भांडी आठवीपर्यंतच्या मुलांसाठी शाळांत आहेतच. त्यांना आणखी दोन इयत्ता जोडायच्या आहेत. ही मागणी ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत आणि जिल्हा परिषदेत जोरानं करावी इतकी रास्त आहे, आणि ती करायला वाशिमइतका हक्काचा दुसरा जिल्हा नाही.